होकायंत्राच्या आकड्याला गाव हवे आणि सालही

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या महिन्यातील मुलांच्या पुरवणीत दिशा कशी ओळखावी याविषयी एक सचित्र टिपण प्रसिद्ध झाले होते. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या पाठीवर कोठेही ठेवली तरी ती नेमकी उत्तर ध्रुवाकडे तोंड करून थांबते, असे वाक्य त्यात चौकटीत छापलेले आहे. माझी सहावीतली नात ते कात्रण वहीत चिकटवून माझ्याकडे आली आणि खात्री करून पाहण्यासाठी माझे जुने होकायंत्र मागू लागली. मी व्यापारी जहाजांवर नौकानयनाचे काम करून निवृत्त झालो आणि आता गुहागरात राहतो. ज्या गोष्टीचा हिशेब आयुष्यभर दर पहाऱ्याला केला, ती गोष्टच नाही असे छापून आल्याचे पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. टिपणकारांवर माझा राग नाही. ते वाक्य कोकणात बसून तपासले तर जवळजवळ खरे ठरते, आणि खरी अडचण नेमकी तीच आहे.

खरी उत्तर, म्हणजे पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्या आसाच्या टोकाची दिशा, आणि सुई दाखवते ती उत्तर, यांच्यामध्ये जो कोन पडतो त्याला जहाजावर आम्ही व्हेरिएशन म्हणत असू. मराठी शास्त्रीय ग्रंथांत त्याला दिक्पात असा नेटका शब्द आहे. सुई खऱ्या उत्तरेच्या उजवीकडे वळलेली असेल तर दिक्पात पूर्वेचा आणि डावीकडे वळलेली असेल तर पश्चिमेचा. दिक्पात जेथे शून्य असतो अशा ठिकाणांना जोडणारी रेषा सध्या पश्चिम भारतातून जाते, त्यामुळे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या सबंध किनाऱ्यावर हा कोन एका अंशाच्या आतच राहतो. हातात धरायच्या साध्या होकायंत्राच्या तबकडीवर दोन-दोन किंवा पाच-पाच अंशांच्या खुणा असतात आणि सुईच्या टोकाची जाडीच जवळपास अर्धा-एक अंश झाकून टाकते. अशा उपकरणाने कोकणातला दिक्पात दिसणे शक्य नाही. रात्री ध्रुवाशी ताडून पाहावे म्हटले तरी ध्रुवतारा स्वतः खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे आणि त्या बिंदूभोवती रोज एक लहानशी फेरी मारतो. पुराणातला ध्रुव अढळ असला तरी आकाशातला तितका अढळ नाही. तात्पर्य, इथल्या शिक्षकाने प्रामाणिकपणे प्रयोग करून पाहिला तरी त्याला पुरवणीतले वाक्य बरोबरच वाटणार.

तेच वाक्य घेऊन किनारा सोडला की चित्र पालटते. मुंबईहून निघून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने केपटाऊनकडे जाताना पहिले काही दिवस व्हेरिएशन इतके थोडे असते की त्याच्याकडे लक्षच जात नाही. विषुववृत्त ओलांडून मोझांबिकच्या सामुद्रधुनीकडे उतरू लागलो की ते पश्चिमेकडे वाढू लागते, आणि केपटाऊन येईपर्यंत पंचवीस अंशांच्या घरात जाते. उलट न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनपाशी सुई खऱ्या उत्तरेच्या बावीस-तेवीस अंश पूर्वेला झुकलेली सापडते. पंचवीस अंशांची चूक घेऊन माणूस सरळ दहा किलोमीटर चालत गेला तर मुक्कामापासून चार किलोमीटरहून अधिक बाजूला पोहोचेल. समुद्रात, खडकांच्या शेजारून जाताना, एवढ्या चुकीचा अर्थ काय होतो हे खलाश्यांच्या घरांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यांत मी निराळे सांगण्याची गरज नाही. सुई कोठेही ठेवा, हे शब्द म्हणूनच मला खटकले. 'कोठेही' या एका शब्दात केपटाऊन आणि वेलिंग्टन दोन्ही येतात.

समुद्राच्या नकाशावर, म्हणजे चार्टवर, दिशांचे एक वर्तुळ छापलेले असते. त्याची बाहेरची कडी खऱ्या उत्तरेची आणि आतली सुईच्या उत्तरेची. आतल्या कडीजवळ तीन गोष्टी बारीक अक्षरांत दिलेल्या असतात: त्या जागेचा दिक्पात किती, तो कोणत्या साली मोजलेला, आणि दरवर्षी तो किती मिनिटांनी कोणत्या बाजूला सरकतो. (येथे मिनिट म्हणजे घड्याळातले नव्हे, अंशाचा साठावा भाग.) उमेदवारीच्या काळात मी एकदा दहा वर्षांपूर्वीचा आकडा वार्षिक सरकण न मिळवता तसाच वापरला होता. वरिष्ठ अधिकारी एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी शिसपेन्सिलीने चार्टवरच्या सालाभोवती गोल केला आणि चार्ट माझ्याकडे सरकवला. त्या दिवसापासून साल नसलेला दिक्पात मला तारीख नसलेल्या दुधाच्या पिशवीसारखा वाटतो.

असा बिनसालाचा आकडा बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. भारतात दिक्पात थोडा असतो हे सांगताना दिल्लीला ०°४१′ पूर्व आणि मुंबईला ०°५८′ पश्चिम असे दोन आकडे दिले जातात आणि मुले ते पाठ करतात. ते केव्हा तरी बरोबर होते यात शंका नाही, पण केव्हाचे ते तेथे लिहिलेले नाही, आणि मुंबईचा आजचा दिक्पात तितका पश्चिमेला राहिलेला नाही; दरम्यानच्या काळात तो शून्याच्या जवळ आला आहे. दिक्पात ही डोंगराच्या उंचीसारखी कायमची वस्तू नव्हे, हे मुलांना कळायला हवे असेल तर आकड्यापुढे साल घालण्यासारखा सोपा उपाय दुसरा नाही.

आपल्याच किनाऱ्यावर हा आकडा पूर्वी किती मोठा होता हे पाहिले तर आश्चर्य वाटते. धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेले एडमंड हॅले यांनी १६८३ मध्ये जगभरच्या दिक्पातांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात मुंबईची नोंद आहे: साल १६७६, दिक्पात १२ अंश पश्चिम. म्हणजे सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाल्यावर अवघ्या बारा वर्षांनी आणि महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी या किनाऱ्यावर होकायंत्र ठेवले असते, तर त्याची सुई आजच्यापेक्षा जवळजवळ बारा अंश डावीकडे थांबली असती. त्या काळच्या युरोपीय नोंदींत एखाद्या बंदराची किंवा खडकाची दिशा होकायंत्रावरून दिलेली असेल आणि आज कोणी उत्साही अभ्यासक मोबाइल हातात धरून ती जागा शोधू लागला, तर तो शोधत राहील. किल्ल्यांवर प्रेम करणाऱ्या आपल्या अनेक वाचकांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्याही आधीची एक हकीकत याच पाण्यातली आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो हे १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला आले. वाटेत त्यांनी चाळीसहून अधिक वेळा दिक्पात मोजला. दिक्पात रेखांशाबरोबर ठराविक प्रमाणात बदलतो आणि म्हणून त्यावरून रेखांश काढता येईल, अशी त्या वेळच्या नाविकांची मोठी आशा होती. कास्त्रो यांच्या नोंदींनी त्या आशेला धक्का दिला, कारण आकडे कोणत्याही सोप्या नियमात बसेनात. त्याच वर्षाच्या अखेरीस वसईच्या परिसरात त्यांना थोड्याथोडक्या अंतरावर सुई वेगवेगळी वागताना दिसली, आणि त्याचे कारण त्यांनी जवळच्या खडकांना दिले. काळ्या पाषाणाच्या या किनाऱ्यावर त्यांना ते सुचावे हे अगदी स्वाभाविक होते. पुढे हेच गृहस्थ गोव्याचे गव्हर्नर झाले, आणि इतिहासात त्यांची ओळख बहुधा तेवढीच सांगितली जाते.

हे सगळे असे का, याचे उत्तर आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर सुरू होते. तेथे वितळलेल्या लोखंडाचा गाभा सतत घुसळत असतो आणि त्या प्रवाहांतून निर्माण होणारे विद्युत्प्रवाह पृथ्वीचे चुंबकत्व टिकवून धरतात. ढोबळ मानाने ते पृथ्वीच्या आसाशी नऊ-दहा अंशांनी कललेल्या एका मोठ्या चुंबकासारखे असले तरी त्यावर अनेक प्रदेशांचे स्वतःचे उंचसखलपण चढलेले असते, आणि प्रवाह बदलतील तसे तेही सरकते. म्हणून सुई चुंबकीय ध्रुवाकडे बोट दाखवते, हे जाणत्या लोकांच्या तोंडी येणारे सुधारित वाक्यही बरोबर नाही. उत्तरेचा चुंबकीय ध्रुव १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी कॅनडाच्या उत्तरेला गाठला होता. तो आज सरकत सरकत आर्क्टिक महासागरात सायबेरियाच्या बाजूला गेला आहे, आणि या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वेग वर्षाला पन्नास किलोमीटरच्या वर होता. कोकणातून पाहिले तर तो ध्रुव खऱ्या उत्तरेच्या सुमारे चार अंश पूर्वेला पडतो. सुई त्याच्याकडे पाहत असती तर आपला दिक्पात चार अंश पूर्व भरायला हवा होता. तो एक अंशही भरत नाही. सुई दूरच्या कोणत्याही बिंदूकडे पाहत नसते. ती जेथे ठेवली आहे तेथील चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल तिला समांतर राहते, एवढेच तिला कळते.

येथवर मी फक्त आडव्या दिशेविषयी लिहिले. क्षेत्राला उभी दिशाही असते आणि या बाबतीत कोकण अजिबात शून्यापाशी नाही. नातीला ते दाखवायला मी शिवणाची लांब सुई घेतली, तिच्या बरोबर मध्यावर बारीक दोरा बांधला आणि ती ताजव्याच्या दांडीसारखी आडवी राहीपर्यंत गाठ कणाकणाने सरकवली. या कामाला पाऊण तास लागला आणि एकदा सुई हरवलीही. मग दोरा न हलवता तिच्यावरून एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा लोहचुंबक फिरवला. पुन्हा टांगल्यावर सुई उत्तर-दक्षिण वळली आणि तिचे उत्तरेकडचे टोक स्पष्टपणे खाली गेले. नात म्हणाली, "आजोबा, तुमची गाठ सरकली." गाठ सरकलेली नव्हती. इंग्लंडमधील उपकरण-कारागीर रॉबर्ट नॉर्मन यांचीही सुरुवातीला अशीच चिडचिड झाली होती, कारण चुंबकत्व देण्याआधी नीट तोललेल्या त्यांच्या सुया नंतर एका टोकाला झुकत. पण त्यांनी दोष स्वतःच्या हाताला न देता तो कोन मोजला आणि १५८१ मध्ये प्रसिद्ध केला. या झुकण्याला नती म्हणतात. अलिबागला ती पंचवीस अंशांहून थोडी जास्त आणि गोव्याच्या सीमेशी वीस अंशांच्या आसपास आहे. आम्ही या दोहोंच्या मध्ये. दक्षिणेला जावे तशी ती झपाट्याने कमी होते आणि केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ सुई जवळजवळ आडवी राहते, कारण तेथून चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे नती शून्य असणारी रेषा, जाते. १९६३ मध्ये भारतातून पहिले अग्निबाण सोडण्यासाठी तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा निवडले गेले त्याचे मुख्य कारण हेच. लंडनला नती सहासष्ट अंशांच्या आसपास आहे, आणि चुंबकीय ध्रुवावर सुई सरळ उभी राहते, तेव्हा तिला उत्तर विचारण्यात अर्थच उरत नाही.

म्हणजे डहाणूहून वेंगुर्ल्याला जाताना दिक्पातात डोळ्यांना दिसण्याजोगा फरक पडत नाही, पण नतीत कित्येक अंशांचा पडतो. दिशा जागेप्रमाणे बदलते हे कोकणातल्या मुलांना दाखवायचे असेल तर दाखवण्याजोगी वस्तू ही आहे. माझ्याकडचे होकायंत्र मी इंग्लंडमधल्या एका बंदरात विकत घेतले होते. तेथील मोठ्या नतीमुळे सुईचे उत्तर टोक खाली घासू नये म्हणून कारखान्यातच तिच्या दक्षिण बाजूला पितळेच्या तारेचा एक बारीकसा वेढा घातलेला आहे. गुहागरात नती थोडी, आणि क्षेत्राचा आडवा जोर मात्र लंडनच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे तो वेढा इथे जड होतो आणि सुईचे दक्षिण टोक किंचित खाली लवते. केपटाऊनला तर नती उलटी असल्याने ते टोक तबकडीला टेकून सुई अडकूनच बसली होती. होकायंत्रे वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळी तोलून विकली जातात ती यासाठीच. ऑनलाइन मागवताना हे पाहणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे.

कास्त्रो यांच्या खडकांकडे पुन्हा येतो, कारण नातीला खरी गंमत तेथेच वाटली. आमच्या परसात विहिरीजवळ काळ्या दगडाचे दोन मोठे धोंडे आहेत आणि बाकी गडगा जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे. चिऱ्यांवर होकायंत्र ठेवून सरकवत नेले तेव्हा सुई फारशी हलली नाही. काळ्या धोंड्यावर ठेवून वीतभर सरकवले आणि ती दहा-बारा अंश वळली, आणखी वीतभर सरकवल्यावर परत फिरली. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात आणि लाव्हा थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा त्यांच्यात गोठून राहते. शिवाय उघड्या माथ्यावर वीज पडली तर तिच्या प्रवाहाने आसपासचा दगड जोराने आणि वेडावाकडा चुंबकित होतो. तोच मॅग्नेटाइट पावसाळ्यानंतर किनाऱ्याच्या वाळूत काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक त्या पट्ट्यांवरून फिरवला तर पिशवीला काळी दाढी फुटते आणि पिशवी उलटी केली की ती दाढी डबीत पडते. तेव्हा सड्यावर, घाटमाथ्यावर किंवा किल्ल्याच्या बुरुजावर दगडावर ठेवून पाहिलेल्या होकायंत्रावर विश्वास ठेवू नये. ते कमरेच्या वर, हातात धरून पाहावे, आणि चार पावले बाजूला जाऊन पुन्हा पाहावे.

लोखंडाचेही तसेच. बांधकामाच्या सळयांनी भरलेल्या स्लॅबवर होकायंत्र ठेवून घराची दिशा ठरवणारे तज्ज्ञ मी पाहिले आहेत आणि त्यांच्या सांगण्यावरून दरवाजे हलवणारे यजमानही. गेल्या हंगामात एका ओळखीच्या तांडेलाने मला होडीवर बोलावले. "काका, होका बिघडलाय, दुसरा सांगा." होक्याच्या टीचभर अंतरावर गाण्यांसाठी नवा स्पीकर बसवला होता. स्पीकर सोडवून बाजूला नेला तशी सुई आपल्या जागी आली. जीपीएसमुळे आज हे चालून जाते. पण यंत्र बंद पडले की हाताशी होकाच राहतो, आणि त्या वेळी स्पीकरच्या चुंबकाला दिक्पात समजून चालणार नाही. बोटीच्या स्वतःच्या लोखंडाने पडणाऱ्या चुकीला डेव्हिएशन म्हणतात आणि तिचा हिशेब व्हेरिएशनहून वेगळा ठेवावा लागतो.

मोबाइलविषयी थोडेसे. त्यातील होकायंत्राला खरी उत्तर दाखवायला सांगता येते, आणि तेव्हा ते जीपीएसवरून तुमचे ठिकाण घेऊन जागतिक चुंबकीय प्रतिमान नावाच्या गणिती मांडणीतून दिक्पात काढते. हे प्रतिमान दर पाच वर्षांनी नवे करतात, कारण तेवढ्या काळात जुने आकडे चुकू लागतात. ध्रुवाची चाल अपेक्षेबाहेर गेल्यामुळे २०१९ च्या फेब्रुवारीत ते मुदतीआधीच सुधारावे लागले होते. म्हणजे खिशातल्या यंत्रालासुद्धा गाव आणि साल दोन्ही विचारावे लागते. मोबाइलच्या कव्हरला चुंबकी बटण असेल तर मात्र हा सगळा हिशेब पाण्यात.

या विषयात कोकण केवळ विद्यार्थ्याच्या बाकावर बसलेले नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळात क्षेत्राचा आडवा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचा जोर मोजायचे एकक) कोसळल्याची कुलाब्याची नोंद जगभरचे अभ्यासक आजही काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल हे ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवण्यात आले. अलिबागची नोंद १९०४ मध्ये सुरू झाली. ट्राम १९०७ मध्ये धावल्या. मधला काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजून जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडून घेतली गेली. उपकरणांसाठी अचुंबकीय साहित्य वापरून खास इमारत बांधली गेली. मला या सबंध प्रकरणात सर्वांत आदर वाटतो तो त्या दोन-तीन वर्षांच्या जोड-मोजणीचा. जागा बदलली की आकडा बदलतो हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी आधी दोन जागांमधला फरक मोजला. आज नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था हे काम पुढे चालवते. अलिबागला समुद्रस्नानासाठी येणाऱ्या सहलींपैकी किती शाळा या वेधशाळेविषयी मुलांना चार शब्द सांगतात, हा प्रश्न मी शिक्षकवर्गापुढे नम्रपणे ठेवतो.

सह्याद्रीचाही उल्लेख करायला हवा. घाटातला काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला आणि थिजला. १९५० च्या दशकात त्याचे दिशा टिपून कापलेले तुकडे प्रयोगशाळेत मोजले गेले, तेव्हा त्यांत गोठलेली नती आजच्यापेक्षा खूप तीव्र निघाली, आणि बऱ्याच थरांत तर उत्तर-दक्षिण उलटलेली. नती आणि अक्षांश यांचे ढोबळ नाते माहीत असल्याने त्यावरून हिशेब निघाला की हा दगड थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे तीस अंशांच्या आसपास होती. भूखंड सरकतात हे त्या काळी सर्वमान्य झालेले नव्हते. परशुराम घाटातल्यासारख्या काळ्या कड्यांनी त्या वादात साक्ष दिली. चिपळूणहून येता-जाता मी त्या कड्याकडे पाहतो तेव्हा मला तो चार्टवरच्या बारीक अक्षरांसारखा वाटतो, फक्त त्यातले साल वाचायला प्रयोगशाळा लागते.

वाचकांपैकी कोणी समुद्री कासवांचा दाखला देईल म्हणून तेही नोंदवतो. लॉगरहेड जातीच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत ती क्षेत्राची नती आणि जोर ओळखून पोहण्याची दिशा ठरवतात असे दिसले आहे. आमच्या गुहागरात आणि वेळासला अंडी घालायला येणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची आहेत, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा त्यांना चिकटवू नये. कासव महोत्सवातल्या भाषणांत तसे होताना ऐकले आहे.

आता विनंतीकडे येतो. पुरवणीत मुलांना खरी उत्तर शोधायची रीत द्यायचीच असेल तर सुईआधी शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, द्यावी. अंगणात सपाट जागी ओळंब्याने सरळ काठी रोवावी, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे, सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला जेथे आत शिरताना टेकते आणि दुपारनंतर जेथे बाहेर पडताना टेकते त्या दोन खुणा कराव्यात. त्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली ही रीत आहे आणि तिला घड्याळही लागत नाही. ती डिसेंबरात करावी, कारण त्या दिवसांत सकाळ-दुपारमध्ये सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर, जवळजवळ बदलत नाही आणि सावलीही लांब पडते. मे महिन्यात करू नये. शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास माध्यान्हीची सावली काठीच्या बुडाशीच घोटाळते आणि पुढे काही आठवडे चक्क दक्षिणेला पडते. रेषा मिळाल्यावर तिच्याशेजारी होकायंत्र धरावे आणि वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: गावाचे नाव, तारीख, आणि दिसलेला कोन. कोन शून्य दिसला तरी शून्यच लिहावा.

दुसरी विनंती आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानाविषयी आहे. तेथे आपण रोज सूर्योदय-सूर्यास्ताच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळा देता, आणि मासेमारी करणारी कुटुंबे त्या पाहतात हे मला ठाऊक आहे. वर्षातून एकदा, एक जानेवारीच्या अंकात, त्याच चौकटीत डहाणू, अलिबाग, रत्नागिरी आणि मालवण यांचा त्या वर्षीचा दिक्पात आणि नती एका ओळीत छापावी. जागतिक चुंबकीय प्रतिमान सर्वांना विनामूल्य उपलब्ध असल्याने त्यासाठी खर्च पडणार नाही. पाच-सहा वर्षांचे अंक कोणी जपून ठेवले तर आकडे सरकताना त्याला घरबसल्या दिसतील.

तिसरी आणि लगेच करण्याजोगी गोष्ट म्हणजे पुरवणीतील त्या वाक्याची दुरुस्ती. जागेअभावी मोठा खुलासा शक्य नसेल तर पुढील तीन वाक्ये पुरतील: "होकायंत्राची सुई ती जेथे ठेवली असेल तेथील चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या दिशेत थांबते. कोकणात सध्या ही दिशा खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आत आहे. इतर ठिकाणी आणि इतर काळी ती पुष्कळ वेगळी असू शकते." 'सध्या' हा शब्द कृपया गाळू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त नौकाधिकारी,
गुहागर, जि. रत्नागिरी